खाडीत टाकलेला खिळा

बसा, बसा. माझ्यासाठी उठू नका. मी काही पाहुणी नाही.

तुम्ही सगळे आलात. बोटवाले आलात, मेस्त्री आलात, मच्छी विकणाऱ्या बायका टोपल्या बाजूला ठेवून आलात, माझ्या आळीतले शेजारी आलात. एवढ्या पावसात खाडीच्या काठचा हा चिखल तुडवत आलात. मी आभार मानणार नाही. तुम्ही माझ्यासाठी आलेला नाहीत. नंदूसाठी आलात, आणि नंदू कधी कोणाचे आभार मानायचा नाही. चहा पाजायचा.

मला बोलायला सांगितलंय. सकाळपासून मनाशी एक मांडणी केली होती. इथे उभी राहिले आणि ती गेली. तेव्हा मागेपुढे होईल. सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी मी बोलणारच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सुलभा. नंदकुमारची, म्हणजे तुमच्या नंदा मेस्त्रीची, मोठी बहीण. निवृत्त होईपर्यंत मी गावातल्या एका इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत काम केलं. इथल्या निम्म्या लोकांची हाडं मी पाहिलेली आहेत. "श्वास धरा, हलू नका" असं ज्या बाईने तुम्हाला दरडावलं, ती मी. नंदू म्हणायचा, "ताई, तू कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत ओरडतेस, म्हणून पेशंट भीतीने हलत नाही."

माझ्या मागे हा बॅनर लावलाय. त्यात नंदूचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे आणि शोकाकुल मंडळींचे फोटो जेवणाच्या ताटाएवढे आहेत. सगळे शोकाकुल हसतायत. कोणी लावला ते विचारत नाही. पावसाने तो एका कोपऱ्यातून सुटलाय. बांधू नका. सुटू दे.

आता मुद्द्यावर येते.

या शेडच्या बाहेर, त्या झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला दिगंबर उभा आहे. येताना तुम्ही त्याला पाहिलंत. पाहून न पाहिल्यासारखं केलंत. दिगंबर म्हणजे नंदूचा भागीदार. दोघांनी शाळा एकदमच सोडली, रंधा एकदमच हातात धरला, आणि या किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटींच्या केबिनी दोघांनी मिळून बांधल्या. तो आत येत नाही, कारण शैलाने, माझ्या भावजयीने, सांगून ठेवलंय की दिगंबर आत आला तर ती उठून जाईल. आणि मासळीच्या लिलावाच्या जागेवर, रिक्षात, सलूनमध्ये एकच वाक्य फिरतंय. "दिग्याने खिळा उपसला म्हणून नंदा गेला."

हे वाक्य खरं आहे का? मला आज एवढ्याच गोष्टीवर बोलायचंय. आणि आधीच सांगून ठेवते, मला उत्तर माहीत नाही.

माहीत नाही म्हणजे अगदीच माहीत नाही. सोमवारी माझं एक मत होतं, मंगळवारी दुसरं झालं. काल संध्याकाळी तिसरं झालं आणि आज सकाळी आंघोळ करताना तेही गेलं. आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. त्या म्हणायच्या, गणिताला उत्तर एकच असतं, तुम्ही उगीच वही मळवू नका. माझी वही मळलीय, सिस्टर. पार मळलीय.

झालं काय, ते सांगते. तुमच्यातल्या पुष्कळांनी ते पुष्कळ प्रकारे सांगितलंय. मी सगळ्यांकडून ऐकून, विचारून, भांडून जे जमवलं ते असं आहे.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की बोट पाण्यात पाहिजे, ही मालकाची घाई. केबिनीच्या छताला आतून प्लाय लावायचं काम नंदूकडे होतं. त्यासाठी त्याच्याकडे ती गन होती, खिळे मारायची. खाली कॉम्प्रेसर धडधडतो, नळीतून हवा येते, घोडा दाबला की खिळा आत. ती गन आणली तेव्हा नंदू माझ्याकडे घेऊन आला होता, बारशाला मूल आणावं तशी.

"ताई, हातोडीने सकाळ जाते ते काम ही चहा निवेस्तोवर करते."

"आणि बोटात गेला तर?"

"बोटात घालायला थोडीच आणलीय?"

शैला त्या गनला सवत म्हणायची. "सवतीला घेऊन गेले सकाळी," म्हणायची. आम्ही हसायचो. शैला, तू हसायचीस की नाही? हसायचीस.

तर त्या दिवशी नंदू दोन पिंपांवर टाकलेल्या फळीवर उभा होता. डोक्याने आणि डाव्या हाताने प्लाय छताला दाबून धरला होता. उजव्या हातात गन. नळी खाली कशात तरी अडकली. त्याने ती सोडवायला गन आपल्याकडे ओढली. घोड्यावर बोट तसंच होतं. आवाज नेहमीसारखाच झाला, म्हणून कोणी वळूनही पाहिलं नाही. नंदू म्हणाला, "काय तरी चावलं."

दिगंबरने वर पाहिलं. शर्टाच्या डाव्या बाजूला, खिशाच्या जरा खाली, एक चकचकीत टिकली. खिळ्याचं डोकं.

रक्त नाही. आरडाओरडा नाही. नंदू स्वतःच्या पायाने फळीवरून खाली उतरला. पिंपावर बसला. म्हणाला, "काय नाय झालं, काढ तो." दिगंबरने पकड घेतली आणि काढला. मग दिगंबर उठला, बोटीच्या कडेशी गेला आणि खिळा खाडीत फेकला.

हे का केलं, ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरून कोणी आलं असेल तर त्यांना सांगते. या किनाऱ्यावर जे अंगात रुततं ते उपसायचं आणि पाण्यात द्यायचं. गळ असो, शिंगाळा माशाचा काटा असो, पत्र्याची कपची असो. रुतलेली वस्तू बोटीवर ठेवायची नाही, ती पुन्हा रुतते. माझे बाबा जहाजावर होते, जगभर फिरले, तरी पायातला काटा काढला की खिडकीतून विहिरीकडे भिरकावायचे. आम्ही सगळे असेच वाढलो. दिगंबरच्या जागी तुमच्यातलं कोणीही असतं तरी त्याने हेच केलं असतं. हे मी त्याची बाजू घेऊन म्हणत नाही. मला त्याचा राग आहे. आत्ताही आहे. तो तिकडे पावसात उभा आहे आणि मला त्याचा राग आहे.

तर खिळा गेला. जखमेवर हळद दाबली, चहा झाला. नंदू दिगंबरच्या स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात गेला. जाताना मालकाला सांगून गेला की दुपारनंतर येतो, छताची पट्टी राहिलीय.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. कुठला दवाखाना ते सांगणार नाही, उगीच तिकडे दगड घेऊन जाल. त्याने शर्ट वर केला. भोक केवढं? तुळशीच्या मंजिरीचा दाणा आत जाईल एवढं. कडेला जरासं सुकलेलं रक्त. त्याने विचारलं, "खिळा केवढा होता?"

आणि इथे माझ्या डोक्यात जे फिरायला लागतं ते अजून थांबलेलं नाही. दिगंबरने अख्खं बोट दाखवलं. मागोमाग दुसऱ्या गाडीवरून आलेला दुसरा मेस्त्री म्हणाला, "अहो, टाचणी असते ती." नंदू म्हणाला, "बारीक होता हो, काय नाय." सकाळी गनमध्ये प्लायच्या बारीक पिना होत्या, मग पट्ट्यांसाठी लांब खिळे भरले होते. त्या घटकेला आत कोणते होते? खिळा हातात असता तर वादच नव्हता. खिळा खाडीच्या गाळात होता.

डॉक्टरने छातीचा फोटो काढला. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली. फोटो बघून म्हणाला, "काही दिसत नाही. नशीबवान आहात." थोडा वेळ बाकावर बसा म्हणाला.

तो फोटो मी पाहिला. आता फिल्म नसते, मोबाइलवर पाठवतात. मी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला, जुन्या सवयीने. फुप्फुसं स्वच्छ. हृदयाची सावली नेहमीएवढी. फासळ्या एका रेषेत. इतका सुबक फोटो. खूप वेळ पाहिला मी. मला वाटलं होतं, मला तरी काहीतरी दिसेल. जन्मभर तेच तर केलं. काही दिसलं नाही. मी त्या खोलीत असते तर तोच फोटो "नॉर्मल" म्हणून पुढे सरकवला असता. मग त्या पोराला मी काय बोलू? आणि तरी बोलावंसं वाटतं. तुम्ही सांगा, काय बोलू?

बाकावर नंदू म्हणाला, छाती भरून आल्यासारखी वाटतेय. आडवं व्हायला सांगितलं तर म्हणाला, नको, बसूनच बरं. घाम फुटला. दिगंबरला वाटलं वात धरला, म्हणून तो समोरून जिऱ्याचा सोडा घेऊन आला. येईपर्यंत नंदूच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. तिथून त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जनने मशीन छातीवर ठेवलं आणि लगेच कळलं. सुई घालून रक्त ओढलं, छाती उघडली. हृदयाच्या पुढच्या भिंतीला खिळ्याचं भोक होतं. टाका घातला. उशीर झाला होता.

मी त्या सर्जनकडे गेले. नंदूचे दिवस व्हायच्या आधीच गेले, लोक काय म्हणतील त्याची मला कधी पर्वा नव्हती. ते मला जुन्या ओळखीने बाई म्हणतात. त्यांनी मला नीट समजावलं. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. भोकातून रक्त बाहेर पडत नाही, त्या पिशवीत साचतं. बाहेर थेंब दिसत नाही आणि आत पिशवी भरत जाते. मग हृदयाला फुलायला जागा उरत नाही. सुरुवातीला फोटोत काही कळत नाही, कारण थोडंसं रक्तच पुरतं. ते सोनोग्राफीत दिसतं. बायकांच्या पोटावर ठेवतात तेच मशीन, ते छातीवर ठेवायचं.

मी विचारलं, "त्या पहिल्या दवाखान्यात ते मशीन होतं?"

"होतं, बाई. शेजारच्या खोलीत."

"मग?"

"शेजारच्या खोलीत रांग होती."

मग मी तो प्रश्न विचारला. तुमचा प्रश्न. "खिळा काढला म्हणून गेला का?"

ते म्हणाले, "खिळा आत असता तर भोकाला तोच बूच झाला असता."

"म्हणजे काढला म्हणून गेला."

"तसं मी म्हटलं नाही. आत राहिलेला खिळा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हलतो. भोक वाढवतो."

"म्हणजे राहिला असता तरी गेला असता."

"तसंही मी म्हटलं नाही."

"डॉक्टर, मग तुम्ही म्हटलंत तरी काय?"

ते म्हणाले, "मी म्हटलं, काढायला नको होता. आम्ही काढतो तो टेबलावर, छाती उघडून, हातात टाका तयार ठेवून. आणि खिळा फोटोत दिसला असता, तर कोणीही त्याला बाकावर बसवलं नसतं. पण वाचला असता का, हे मला विचारू नका. मी त्याला आधी पाहिलं नाही."

मी घरी आले. मला वाटलं होतं, उत्तर घेऊन येईन. उत्तराचे दोन तुकडे घेऊन आले, आणि ते एकमेकांत बसत नाहीत.

मग दिगंबर आला. मागच्या दाराने. माझ्या घरी तो जन्मात कधी मागच्या दाराने आला नव्हता, पुढून ओरडत यायचा, "ताई, माशाचं कालवण शिजतंय की पेशंट?" आता पडवीत उभा राहिला. मी बस म्हटलं नाही.

"ताई, पकड माझ्याच हातात होती."

"माहिताय. का काढलास?"

"तो म्हणाला, काढ."

"तो म्हणाला खाडीत उडी मार, तर मारशील?"

"मारलीय पण. लहानपणी." आणि मग तो म्हणाला, "ताई, तो हलत होता."

"कोण? नंदू?"

"नंदू नाय. खिळा. डोकं त्याचं हलत होतं, असं, असं. धडधडल्यासारखं. मला बघवलं नाय, ताई. म्हणून काढला."

मंडळी, खिळ्याचं डोकं ठोक्याबरोबर हलत होतं. याचा अर्थ काय, हे त्या सर्जनला विचारायला लागलं नाही, मलाही कळलं. खिळ्याचं टोक हृदयात होतं. ना मशीन लागलं असतं, ना फोटो. हे एक वाक्य त्या तरुण डॉक्टरच्या कानावर गेलं असतं, तर त्याने सगळी रांग बाजूला सारून नंदूला आत घेतलं असतं.

मी दिगंबरला विचारलं, "हे तू दवाखान्यात सांगितलंस?"

तो म्हणाला, "कोणी विचारलं नाय. त्यांनी विचारलं, केवढा होता."

आता मी त्याला मारायला हवं होतं की जवळ घ्यायला? मला कळलं नाही. मी दोन्ही केलं नाही. मी गॅसवरचं दूध बघायला आत गेले. बाहेर आले तर तो गेला होता.

आता दुसरं सांगते. हे तुमच्यातल्या काहींना आवडणार नाही, आणि शैला, तुला तर नाहीच आवडणार. पण माझा भाऊ आहे, मी बोलणार.

परवा मी इथे, याच शेडमध्ये येऊन ती गन पाहिली. तिच्या तोंडाशी एक सरकता तुकडा असतो. तो लाकडावर दाबला गेला तरच खिळा सुटतो, नुसता घोडा दाबून सुटत नाही. माणूस शहाणा नसतो म्हणून बनवणाऱ्याने ती सोय ठेवलेली असते. तो तुकडा तारेने मागे आवळून बांधलेला होता. मी सगळ्या मेस्त्रींना विचारलं, ही तार कोणाची? सगळे बूट बघायला लागले. पावसात चिखलाचे बूट, त्यात बघण्यासारखं काय होतं कोण जाणे. एक जण म्हणाला, "ताई, सगळेच बांधतात. छताला एका हाताने मारताना तोंड दाबत नाय, काम अडतं."

"शिकवलं कोणी सगळ्यांना?"

मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, नाही का? मग मीच बोलते. नंदूने शिकवलं. माझ्या भावाने. हुशार होता तो, काम अडलं की वाट काढायचा. ही वाट त्यानेच काढली, आणि तुम्ही सगळ्यांनी ती उचललीत.

मला वाटलं, चला, सापडलं उत्तर. तार. मी ती गन घेऊन दुरुस्ती करणाऱ्याकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, गनचं तोंड छातीवर दाबलं गेलं असेल तर तार नसती तरी खिळा सुटला असता. घोडा दाबलेलाच होता ना?" दिगंबर म्हणतो, तोंड छातीला टेकलं नव्हतं. दुसरा मेस्त्री म्हणतो, टेकलं होतं. खरं कोण? त्या क्षणी वर कोणीही पाहत नव्हतं. पाहणारा एकच होता आणि त्याला "काय तरी चावलं".

काय? मागून कोण बोललं? जोरात बोल, मी बहिरी नाही पण पाऊस आहे.

"ताई, मग काटा रुतला तरी काढायचा नाय काय?"

काढ रे बाबा, पायातला काटा काढ, नाहीतर लंगडत माझ्या दारात येशील. पण छातीत, पोटात, मानेत, डोळ्यात काही घुसलं, मग ते गनने घुसो, ग्राइंडरच्या फुटलेल्या चकतीचं असो, नाहीतर ड्रिलचं टोक मोडून गेलेलं असो, त्याला हात लावायचा नाही. ते जिथे आहे तिथेच, हलू नये असं, भोवती कापडाची वळी ठेवून बांधायचं. डोळ्यावर मात्र दाब द्यायचा नाही, नुसती वाटी उपडी धरायची. तसाच माणूस न्यायचा. स्कूटरवर मागे बसवून नाही. त्याला चालवायचं नाही, चहा पाजायचा नाही, सोडा तर नाहीच. पोट उघडायची वेळ आली तर ते रिकामं लागतं. आणि ज्या पाकिटातला खिळा गेला ते पाकीट बरोबर न्या. ती गन न्या. डॉक्टरने केवढा म्हणून विचारलं तर बोट दाखवू नका, तसलाच दुसरा खिळा समोर ठेवा. आणि जे जे पाहिलंत ते सगळं सांगा, विचारलं नाही तरी सांगा. हलत होता म्हणून सांगा. फेस होता, आवाज येत होता, गार पडला होता, काहीही. डॉक्टर वैतागला तर वैतागू दे. त्याला म्हणावं, ते रांगेतलं मशीन आधी छातीवर ठेव. भोक बारीक आहे म्हणून हसू नका. बारीक भोकाची मला आता मोठ्या भोकापेक्षा जास्त भीती वाटते.

हे मी तुम्हाला सांगतेय, पण त्याने नंदूचं काही होत नाही. मला माहिताय.

शैला, आता तुझ्याशी बोलते. सगळ्यांसमोर बोलते, कारण तूही सगळ्यांसमोर बोललीस. अगं, तू परवा मला म्हणालीस, "वन्सं, मला कोणाला तरी धरू द्या. हातात काहीच नाय माझ्या." ते ऐकून मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे किती मोठं झालं असेल, तू समज. तुझं खरंच आहे. माणूस गेला, तो असा, पिंपावर बसून चहा पिऊन गेला. कोणाला तरी धरल्याशिवाय कसं राहवेल? तारेला धरून रडता येत नाही. मशीनच्या रांगेला धरून भांडता येत नाही. दिगंबर हाताशी आहे. त्याला दोन हात आहेत, त्यात पकड होती. त्याला धरणं सोपं आहे.

मी तुला त्याला माफ कर म्हणणार नाही. जे माझ्याकडून झालेलं नाही ते तुझ्याकडे कोणत्या तोंडाने मागू? पण एक सांगते. नंदूने शेवटचं काम दिलं ते त्याला दिलं. कोणा डॉक्टरला नाही, तुला नाही, मला नाही. "काढ तो" म्हणाला. ज्याच्या हातावर भरवसा होता त्याला म्हणाला. आता तो हात चुकला की नंदू चुकला, की दोघंही बरोबर होते आणि हे सगळं तरीही झालं, यातलं काय खरं, ते मला कळत नाही. मी रोज सकाळी नवीन काहीतरी ठरवते.

आणि तुम्ही बाकीचे. तुमचा तर ना नवरा गेलाय, ना भाऊ. तुमच्यावर मी चिडलेलीच आहे, ते लपवत नाही. परवा एक बोटवाला मला म्हणाला, "ताई, राहिलेलं काम आता दुसऱ्याला देतो, दिग्याच्या हाताचं नको, अपशकुन." अपशकुन? त्याच्या बोटीची केबिन त्याच हातांनी उभी केलीय. ती पण पाडणार का? तो इथेच बसलाय. मी नाव घेत नाही. तो आता मान खाली घालतोय म्हणजे कळलं सगळ्यांना.

"दिग्याने खिळा उपसला म्हणून नंदा गेला." म्हणायचंच असेल ना, तर अर्धं म्हणू नका. पूर्ण म्हणा. मालकाला पौर्णिमा गाठायची होती, नंदूने तार बांधली, नळी अडकली, नंदूने काढ म्हटलं, दिगूने काढला, आपल्या सगळ्यांच्या रीतीने खाडीत टाकला, डॉक्टरने लांबी विचारली, हलत होता का विचारलं नाही, फोटो सुबक आला, आणि मशीनपुढे रांग होती. एवढं सगळं लिलावाच्या गडबडीत एका दमात म्हणता आलं तर खुशाल म्हणा. नाही आलं तर तोंड बंद ठेवा.

माझं संपलं. म्हणजे संपलेलं नाही, पण मला पुढे काही सुचत नाही.

आता आपण उभे राहू. घड्याळ बघू नका, मी सांगेन तेव्हा बसायचं. शैला, तू बसून राहिलीस तरी चालेल. आणि उठून गेलीस तरी मी तुला अडवणार नाही.

त्या बाजूची ताडपत्री कोणीतरी वर करा. हो, खाडीकडची. पाऊस आत येईल, येऊ दे. आणखी वर. दिगंबर दिसायला पाहिजे. दिगू, आत ये म्हणायचा हक्क माझा नाही, तू तिथेच उभा राहा. पण राहा.

नंदू, तुझी ताई अजून गोंधळलेली आहे. तू तेवढा स्वस्थ राहा.

आता कोणी बोलू नका.